न हलणारा ठिपका

टिंकर्स कोव्ह
६ ऑक्टोबर

गारलंड,

केबली मी उलट्या जोडलेल्या नाहीत. हे तिसऱ्यांदा लिहिते आहे आणि चौथ्यांदा लिहिणार नाही. तुझ्या विद्यापीठातल्या त्या साहेबाला सांग, जिने उभ्या आयुष्यात शेकड्याने जाळी विणली आणि एकाचाही दोर चुकीच्या बाजूला बांधला नाही, ती तुमच्या पाच केबली चुकवेल होय? पाचही केबलींना मी गाठी मारून ठेवल्यात. पहिल्या खांबाला एक, दुसऱ्याला दोन, असं पाचापर्यंत. लाल लोकर आहे, माझ्या लिएंडरच्या टोपीची उरलेली. काल पावसात जाऊन सगळ्या मोजून आले. मेंढीने एकही चावलेली नाही. चौथीत शाळा सुटली म्हणून पाचापर्यंत मोजता येत नाही असं नाही.

जूनमध्ये तू माझ्या कुरणात खांब रोवायला आलास तेव्हा काय सांगितलंस? "वहिनी, वर नव्वद किलोमीटरवर तारा तुटला की रेघ उठते. आपलं यंत्र तिला हाक मारतं, ती ओ देते. वारा तिला कुठे ढकलतो त्यावरून वरचा वारा कळतो, ती किती लवकर विरते त्यावरून वरची थंडी." बरं, समजलं मला. टेकडीवरच्या खोलीत यंत्राच्या पडद्यावर रोज हजारो ठिपके येतात, क्षणात जातात, सगळे एका बाजूला सरकत असतात. मी खांबांवरचं मीठ पुसते, कावळ्यांची घरटी पाडते, वहीत आकडे लिहिते. आता साहेब म्हणतो पडद्याच्या मध्याजवळ एक खोटा ठिपका येतो आणि तो हलत नाही. येतो ना! मी कधी नाही म्हटलं? पण तो मी आणलेला नाही.

फोन कर म्हणतोस. वादळात माझी तार तुटली ती अजून कोणी जोडलेली नाही. राहिला दुकानातला फोन, आणि तिथे मी बोलायला लागले की हेटी स्किनर तेच डबे तीनतीनदा मोजत मागे उभी. सोमवारची बोट आहे तोवर पत्रच बरं.

पार्ट्रिजबेरीच्या मुरांब्याच्या दोन बरण्या पाठवल्यात. बरण्या परत पाठव. मागच्या चार अजून तुझ्याकडेच आहेत.

मेल्विना

*

सेंट जॉन्स
१३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

रागावू नकोस. साहेबांना तुझ्या लोकरीच्या गाठी सांगितल्या, ते हसले, आणि मग म्हणाले की बाईला आपल्याकडे प्रयोगशाळेत आणा. तेव्हा केबलींचा विषय संपला.

तो ठिपका बहुधा कुठल्यातरी बोटीचा असेल. आपलं यंत्र वर बघतं, पण त्याची हाक चहूकडे जाते. जवळच्या लोखंडावर आपटूनही परत येते. दुसरं असं, की अंतराच्या बाबतीत हे यंत्र कधी कधी फसतं. एक हाक परत यायच्या आधी दुसरी गेलेली असते, म्हणून अकरा किलोमीटरवरचं आणि एक्याऐंशीवरचं त्याला सारखंच दिसतं. मला तीन गोष्टी लिहून पाठव: तो किती वाजता येतो, किती वेळ राहतो, आणि पडदा त्याची दिशा नि अंतर काय दाखवतो. समुद्रावर बोट दिसते का तेही बघ.

वहिनी, हेटीच्या नवऱ्याचा, क्लायड स्किनरचा, इथे फोन आला होता. सरकारने गाव उठवून सगळ्यांना दुसरीकडे वसवायच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी एकटीची राहिली म्हणाला, आणि एक जरी राहिली तरी कागद चालत नाही. पाच डिसेंबरनंतर सरकार तो कागद घेणार नाही. पुढच्या वर्षी बोट बंद, वीज बंद, आणि बाकीच्यांना नवी घरं नाहीत. यंत्राची काळजी करू नकोस, ते दुसरीकडे हलवता येतं. इथे माझ्या घरात मागची खोली रिकामी आहे. लिएंडरला जाऊन तीन वर्षं झाली. सही कर.

तुझा
गारलंड

*

टिंकर्स कोव्ह
२० ऑक्टोबर

गारलंड,

क्लायडला तुला फोन करायला तोंड आहे, माझ्या दारी यायला पाय नाहीत. शेवटी आला शनिवारी. टोपी हातात, जसं काही कोणी मेलंय.

"मेल्विना, तुझ्यामुळे अख्खं बंदर अडलंय."

"बंदर माझ्यामुळे नाही अडलं, मासळीमुळे अडलं. तिला जाऊन सही माग."

"हेटीच्या गुडघ्यांना डॉक्टर हवा. इथे डॉक्टर महिन्याला एकदा येतो, तोही वारा असेल तसा."

"मग हेटीला सांग, माझ्या फोनवर कान लावायला वाकू नकोस. गुडघे बरे राहतील."

हसला मेला. मग म्हणाला, "तू कशासाठी थांबलीयेस ते ठाऊक आहे आम्हाला. पण तो येणार नाही, मेल्विना." मी दार लावून घेतलं. मला काय कळत नाही होय? तो येणार नाही हे कळतं. पण कुठे आहे ते कळल्याशिवाय मी पाठ फिरवून जाणार नाही. इथे माणूस बुडालेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे तो कुठल्या पाण्यात आहे. मला एकटीला नाही.

आता तुझ्या तीन गोष्टी.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येतो. उजाडायला लागलेलं असतं. चार मिनिटं राहतो. सहा चौदाला जातो. एकही दिवस चुकवत नाही, रविवारीसुद्धा. अंतर अकरा. दिशा एकशे अठ्ठ्याण्णव, म्हणजे दक्षिणेच्या जरा पश्चिमेला. तिथे बोट नाही. कुठे असणार, सगळ्यांच्या बोटी वर ओढून उलट्या घातल्यात. मी टेकडीवर उभी राहून लिएंडरच्या दुर्बिणीने बघितलं. नुसतं पाणी.

आणि आवाज. यंत्र चालू आहे हे कळावं म्हणून तू तो डबडा स्पीकर ठेवून गेलास ना, त्यात प्रत्येक तारा शीळ घालून जातो, वरून खाली. मला सवय झालीय, त्यावर स्वेटर विणते. हा ठिपका आला की शीळ नाही. एक सपाट घरघर. कोणी माईकचं बटण दाबून धरलंय आणि बोलत नाहीये, तशी. तुला आठवतंय लिएंडर करायचा तसं? बोटीतून स्वयंपाकघरातल्या रेडिओवर त्याने जागा सांगितली, आणि आपण ती परत म्हणून दाखवली नाही, की रागाने नुसतं बटण दाबून धरायचा. जागा परत म्हणून दाखवली की मगच सोडायचा.

चार मिनिटं, गारलंड. सांग मला ते काय आहे.

मेल्विना

ता. क. बरण्या आल्या नाहीत.

*

सेंट जॉन्स
२७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

बरण्या पाठवतो आहे, सहाच्या सहा.

तुझं पत्र मिळाल्यावर मी सगळ्या सकाळच्या नोंदी काढून बसलो. तू लिहिलंस ते बरोबर आहे. सहा दहा, सहा चौदा. इतर सगळे ठिपके पूर्वेकडे वाहत असताना हा जागेवर.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण हे तू समजून घेशील. यंत्र प्रत्येक रेघ किती लवकर विरते त्यावरून वरचं तापमान काढतं. या दिवसांत ते शून्याखाली सत्तर-ऐंशी येतं, तिथे तेवढंच असतं. मी त्या एका ठिपक्याचं काढलं. शून्यावर दोन अंश. मला वाटलं आकडेमोड चुकली. तीनदा केली. सगळ्या दिवसांची वेगळी केली. दोन, दोन, दोन. ते शक्य नाही, कारण नव्वद किलोमीटरवर दोन अंश असलेली हवा नसते. म्हणून मी ठरवलंय की तो ठिपका तारा नाहीच, आणि तापमानाला काही अर्थ नाही.

माझं उत्तर हे: चर्चचं टोक काळ्या सुळक्याच्या डोक्यावर आणि दीपस्तंभ घोड्याच्या मानेवर आला, की त्या दिशेला अकरा किलोमीटरवर खडकाचा एक सपाट कट्टा आहे, वीस वाव खोल, भोवती साठ. ओहोटीला तिथे लाट उभी राहते. उभ्या लाटेवर आपटून आपली हाक परत येत असेल. वेळ रोज तीच कशी, ते मात्र मला सांगता येत नाही.

एक कर. पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सहाला हाक मारणारा भाग बंद ठेव, मोठा लाल खटका खाली. ऐकणारा भाग चालू राहू दे. हाकच गेली नाही तर पडदा रिकामा राहिला पाहिजे. तो राहिला की झालं, ती लाटच.

सहीचं काय केलंस?

गारलंड

*

टिंकर्स कोव्ह
३ नोव्हेंबर

गारलंड,

सोमवारच्या बोटीचं पत्र मंगळवारी हाती आलं, बुधवारी पहाटे तू सांगितलंस ते केलं. पाच पंचावन्नला लाल खटका खाली. पडदा कोरा झाला. स्पीकर गप्प. इतकी शांतता त्या खोलीत मी ऐकली नव्हती, चहाच्या कपाला तोंड लावलेलं कळत होतं. सहा दहाला ठिपका आला.

कोऱ्या पडद्यावर एकच. आणि घरघर. मी खटक्याला हात लावून बघितला, खालीच होता. चार मिनिटं मी भिंतीला टेकून उभी होते. बसायचं सुचलं नाही. सहा चौदाला गेला. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. तुझ्या लाटेला हाक न मारता ओ देता येते का, ते साहेबाला विचार.

आता दोन अंश. तू इतकी वर्षं शहरात राहिलास की हे विसरलास? वरती दोन अंशाची हवा नसेल, खाली दोन अंशाचं पाणी आहे. आत्ता वरवरचं पाणी सहा-सात आहे, हात घातला तर सोसवतं. पण तळातलं जाळं ओढलं की बोटं लाकूड होतात. मासळी खात्याची ती बोट आली होती तेव्हा त्या पोराने तळाला दोरीने काच सोडून मोजलं होतं आणि लिएंडर हसला होता, म्हणाला हे मला विचारायचं ना. दोन अंश. उन्हाळा असो हिवाळा असो. तुझा ठिपका तळाला आहे, गारलंड. तो वर नाहीच.

मी घाबरले असेन असं तुला वाटत असेल. मला उलट बरं वाटलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

मी तुला फक्त दोन आकडे पाठवले होते, एकशे अठ्ठ्याण्णव आणि अकरा. तू मला त्यावर चर्चचं टोक, काळा सुळका, दीपस्तंभ, घोड्याची मान, वीस वाव, साठ वाव सांगितलंस. नकाशात घोड्याची मान नाही. त्या टेकाडाचं ते नाव आपल्यात तरी कोण घेतं? या मासेमारीच्या खुणा आहेत. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत आल्या की जागा सापडते, आणि ते नकाशात बघून नाही, बोटीत बसून कळतं.

आपल्या पार्डींची मासळीची जागा बिशप खडकाच्या पाठीमागे असं मी लग्न करून आल्यापासून ऐकते आहे. बिशप आग्नेयेला आहे. लिएंडर हरवला त्या सकाळी तो रेडिओवर "बिशपच्या पाठी आहे, इंजिन बंद पडलंय" म्हणाला. शोधणाऱ्यांनी दोन दिवस बिशपचं पाणी पिंजून काढलं. तू या जागेच्या खुणा कुठून आणल्यास?

बरण्या मिळाल्या. एक फुटली.

मेल्विना

*

सेंट जॉन्स
१० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

त्या खुणा बाबांनी लहानपणी कधीतरी सांगितल्या होत्या. त्यात विशेष काही नाही. त्या भागात कोणी जात नसे.

खटका खाली असताना ठिपका आला, याचा अर्थ बाहेरच्या कुठल्यातरी यंत्राचा आवाज आपल्या कानात पडतोय. दूरचं एखादं जहाज, एखादा बिघडलेला रेडिओ. मी साहेबांना सांगून सकाळी सहा ते साडेसहाची नोंद वगळायला लावली आहे. इथल्या पडद्यावर आता तो येत नाही. तूही त्या वेळात खोलीत जाऊ नकोस.

वहिनी, काल नऊ नोव्हेंबर होता, लिएंडर गेला ती तारीख. मला ठाऊक आहे काल तुझं काय झालं असेल. माझंही झालं. कृपा करून सही कर आणि ये. खोलीला नवा रंग दिला आहे. तिथून समुद्र दिसत नाही.

गारलंड

*

टिंकर्स कोव्ह
२४ नोव्हेंबर

गारलंड,

मागच्या सोमवारी वाऱ्याने बोट आलीच नाही, तुझं पत्र बुधवारी मिळालं. वाचून मी कोट घातला आणि क्लायड स्किनरच्या घरी गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दाराची पायरी चढले. हेटीने बटाटे सोलता सोलता सुरी खाली ठेवली.

मी म्हटलं, "क्लायड, चर्चचं टोक काळ्या सुळक्यावर आणि दीपस्तंभ घोड्याच्या मानेवर. ही कुठली जागा?"

तो उठला, खिडकीशी गेला, हाताने हवेत दोन रेघा ओढल्या, एक अशी, एक तशी. मग खुर्चीत येऊन बसला.

"हे मेज आहे," तो म्हणाला. "पार्डींचं मेज. माझ्या बापाने तीस वर्षं तुमच्या बोटीमागे बोट लावली. पार्डी धुकं बघून निघायचे, दिवा विझवून जायचे. आम्हाला ती जागा कधी सापडली नाही. तुला कोणी सांगितली?"

"गारलंडने."

"गारलंडला ठाऊकच असणार, तो बापाच्या पुढ्यात बसून वाढला. पण पार्डी बायकांना सांगत नाहीत."

"आणि बिशप?"

तेव्हा हेटी बोलली. ती म्हणाली, "मेल्विना, बिशपच्या पाठी म्हणजे मेज, हे सगळ्या बंदराला कळायचं. म्हणजे मेज कुठे ते नाही, पण बिशप खोटा एवढं कळायचं. रेडिओ सगळे ऐकतात ना. कोणी आपली खरी जागा रेडिओवर सांगतं का? आम्हीपण सांगत नाही."

"मग शोधायला बिशपला का गेलात?"

"अडकलेला माणूस खोटं बोलणार नाही असं वाटलं," क्लायड म्हणाला. "आणि गारलंडने परत म्हणून दाखवलं ना. बिशप, समजलं. आम्ही ऐकलं. गारलंडला खरं ठाऊक, तो बिशप म्हणतोय, म्हणजे या वेळी बिशपच."

मी घरी येऊन स्वयंपाकघरात बसले. त्या सकाळचा प्रसंग माझ्यासमोर उभा राहिला, जसा काही तू आत्ता इथे बसलायस. तू सुट्टीला आला होतास. मी पाव भाजत होते. सहा दहा. रेडिओ वाजला, तुझा हात माझ्याआधी माईकवर गेला. लिएंडर म्हणाला, "बिशपच्या पाठी, इंजिन बंद, घाई नाही." समुद्र शांत होता. क्लायडची बोट पाण्यात होती, ऐकत होती. लिएंडरला वाटलं, धाकटा भाऊ घरात आहे, बिशप म्हणजे मेज हे त्याला कळेल. आणि तुला कळलं. तू म्हणालास, "बिशप, समजलं." मग तू चहा घेतलास. पावाचे दोन तुकडे घेतलेस, जाड लोणी लावून. तेव्हा मी काही म्हटलं नाही, मलाही वाटलं घाई नाही. आठला वारा फिरला.

ते चारचौघांत सांगायचं नव्हतं, एवढंच ना? आठपर्यंत ते मला कळतं. इंजिन सुरू होईल, जागा कशाला उघड करायची, कोणीही तेच केलं असतं. पण साडेआठला शोधणारे आले तेव्हा? दुपारी? दुसऱ्या दिवशी? तू त्यांच्याच बोटीवर होतास, गारलंड. बिशपभोवती फिरत होतास. हाका मारत होतास.

आणखी एक. त्यानंतर तू त्या पाण्यापासून पळालास, शहरात परत जाऊन तारा-खटक्यांच्या कामात तोंड लपवलंस, आणि मग वरचा वारा बघायला जगातली कुठली जागा निवडलीस, तर माझं कुरण. का, ते तुला ठाऊक. मला वाटतं, कोणीतरी तुला विचारावं असं तुलाच हवं होतं.

आता हे ऐक. शुक्रवारी पहाटे, एकवीसला, मी स्वयंपाकघरातला जुना रेडिओ उचलून टेकडीवरच्या खोलीत नेला. बॅटरी क्लायडने दिली, काही न विचारता. सहा दहाला ठिपका आला. घरघर सुरू झाली. मी माईक तोंडाशी धरला आणि त्याला म्हटलं, "लिएंडर, मेजवर. चर्चचं टोक काळ्या सुळक्यावर, दीपस्तंभ घोड्याच्या मानेवर. समजलं."

बटण सुटल्यावर होतो तसा आवाज झाला. खट्. सहा अकरासुद्धा झाले नव्हते. पडद्यावर फक्त तारे, शिळा घालत पूर्वेकडे निघालेले.

शनिवारी आला नाही. काल आला नाही. आज सकाळी मी सहा ते सात बसून होते. आला नाही. तो आता थांबलेला नाही, गारलंड. थांबले आहे मी.

क्लायड म्हणतो, हवा धरली तर दोन तारखेला तो आणि त्याचा भाचा तळ चाचपायला लांब दोर आणि गळ घेऊन मेजवर जातील. पण खुणा कागदावरून नाही जुळवता येत, त्यावरून नेणारा माणूस बोटीत लागतो. तो माणूस एकच उरलाय. मिळालं काही तर चर्चमागे पुरू, नाही मिळालं तर त्या पाण्यावर नाव घेऊन प्रार्थना म्हणू. मग चार तारखेला मी क्लायडच्या कागदावर सही करीन. मग हेटीचे गुडघे मी एक दिवसही अडवून धरणार नाही. पण त्याआधी नाही करणार, आणि तू आला नाहीस तर मुळीच नाही करणार. मग बंदराला सांगेन ते कोणासाठी अडलंय.

एक डिसेंबरच्या बोटीने मला तुझं उत्तर नको, तू हवास. आणि धक्क्यावर उतरल्यावर, क्लायडसमोर, हेटीसमोर, जो कोणी उभा असेल त्याच्यासमोर, पहिला शब्द मला जागेचा हवा. खरी जागा. मी परत म्हणून दाखवीन.

सोमवार. एक डिसेंबर. बोट दोनला लागते.

मेल्विना पार्डी